थकलेल्या रस्त्यांचा हिशेब

जुलै उजाडला की डोंबिवलीच्या शेअर रिक्षात दर वर्षी तोच खटला उभा राहतो. चालक म्हणतो, पावसाने रस्त्याची वाट लावली. मागचा प्रवासी म्हणतो, ठेकेदाराने डांबर खाल्ले. तिसरा निकाल देतो, सगळीकडे काँक्रीट करा, विषय संपला. घरडा सर्कलहून स्टेशन येईपर्यंत आरोप, साक्ष, शिक्षा सगळे उरकलेले असते. ठाण्यात घोडबंदरच्या बसमध्ये आणि कल्याणात शिवाजी चौकातही हेच चालते.

या तिन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे, आणि तिन्ही उथळ आहेत. या पट्ट्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे निविदा काढणाऱ्याला आधीच माहीत असते. दर वर्षी ठरलेल्या महिन्यात येणाऱ्या पाहुण्याला संकट म्हणता येत नाही. मग खरे काय घडते?

माझे म्हणणे असे : डांबरी रस्ता चाकांखाली वाकून वाकून थकतो, बहुतेकदा तळातून चिरतो, आणि पाऊस त्या चिरेत शिरून उरलेले काम पुरे करतो. रस्ता किती वर्षांनी थकेल, हे मोठ्या प्रमाणात मिश्रणातच ठरते. त्यात डांबर किती आणि कोणत्या जातीचे, दबाईनंतर पोकळी किती उरली, थर एकमेकांना धरून आहेत की नाहीत, यावर सगळे अवलंबून असते. आपण मात्र रस्ता घेताना चौरस मीटर मोजतो, मिलिमीटर मोजतो, आणि आयुष्य पदरात पडले तर पडले असे समजून बिल काढतो. जोवर रस्त्याचे आयुष्य हीच विकत घेण्याची वस्तू होत नाही, तोवर खड्ड्यांवरचा प्रत्येक उपाय मलमपट्टीच राहणार.

१. खड्डा हा शेवटचा अंक

खड्ड्याच्या कडेला सुटून पडलेला डांबराचा तुकडा एकदा हातात घेऊन पाहावा. वरची बाजू टायरांनी घासून करडी, गुळगुळीत झालेली. तुकडा उलटा केला की तळाशी खडी उघडी दिसते, कुणी धुऊन ठेवल्यासारखी. तिच्यावरचा काळा पापुद्रा गेलेला असतो. तुकड्याच्या बाजूने पाहिले तर एखादी भेग तळाशी रुंद आणि वर येता येता केसाएवढी झालेली आढळते. तिची सुरुवात वरून, पावसाच्या बाजूने झालेली नाही.

कारण सोपे आहे. चाक वरून जाते तेव्हा डांबराचा थर किंचित वाकतो. वाकताना त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि तळ ओढला जातो. ही ओढ मीटरभर लांबीत मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश इतकीच असते. चाक पुढे गेले की थर पूर्ववत होतो. निदान तसा दिसतो. पण हाताशी पक्कड नसली की आपण तार कशी तोडतो? एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहतो. तिला एका झटक्यात तोडण्याइतके बळ आपल्या बोटांत नसते आणि त्याची गरजही पडत नाही. अभियंते याला फटीग म्हणतात. मराठीत थकवा हा शब्द पुरेसा आहे.

या थकव्याचा अभ्यास रेल्वेपासून सुरू झाला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. त्याच दशकात प्रशियात ऑगस्ट व्होलर हे अभियंते डब्यांच्या चाकांचे आस न सांगता का तुटतात, याच्या मागे लागले होते. एका वेळी सहज पेलणारा भार पुन्हा पुन्हा आला तर पोलादही तुटते, हे त्यांनी पद्धतशीर दाखवून दिले. डांबरी रस्त्याच्या भेगांचा संबंध वारंवार वाकण्याशी आहे, हे कॅलिफोर्नियाच्या फ्रान्सिस व्हीम यांनी १९५५ मध्ये मांडले. म्हणजे ही गोष्ट कळून सत्तर वर्षे झाली.

रस्त्यावर हा क्रम सहज दिसतो. आधी चाकांच्या पट्ट्यात बारीक उभ्या भेगा येतात. मग त्यांना आडव्या भेगा भेटतात आणि मगरीच्या पाठीसारखी जाळी तयार होते. त्यानंतर पाणी शिरते, चाकाच्या दाबाने तेच पाणी भेगेतून पिचकारीसारखे उडते, खालची माती-खडी घेऊन बाहेर येते, आणि जाळीतला एकेक चौकोन उचकटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-३७ या २०१८ च्या मार्गदर्शक पुस्तकात रस्त्याच्या वीस टक्के क्षेत्रावर अशा भेगा आल्या की थकव्याने त्याचे आयुष्य संपले, असे धरले आहे. त्या व्याख्येत खड्डा हा शब्दही लागत नाही. एप्रिलच्या उन्हात ही जाळी लख्ख दिसते, पण तेव्हा कुणी खाली बघत नाही. जुलैत खड्डा पडतो, तेव्हा राडारोडा किंवा पेव्हर ब्लॉक घेऊन आपण धावतो.

काही भेगा वरूनही सुरू होतात, विशेषतः जाड थरांत आणि उन्हाने डांबर कडक झाल्यावर. पण आपल्या शहरांतले डांबराचे थर बहुधा पातळ असतात आणि अर्धवट दबलेल्या पायावर बसलेले असतात. तिथे मुख्य शत्रू तळाची ओढ हाच आहे.

२. थकवतो कोण?

इथे आणखी एक उथळ समजूत मोडावी लागते. गाड्या फार वाढल्या म्हणून रस्ते खराब होतात, असे आपण म्हणतो. कुठल्या गाड्या?

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचे नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर नुकसान सोळापट. आपल्याकडे प्रमाण ॲक्सल ८.१६ टनांचा धरतात. साध्या मोटारीच्या एका ॲक्सलवर अर्धा टन धरला, तर एका प्रमाण ॲक्सलइतके नुकसान करायला मोटारीचे सुमारे सत्तर हजार ॲक्सल जावे लागतील.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार टायरांच्या एका ॲक्सलवर चालणारा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. कागदावर वाढ तेरा टक्क्यांची. चौथ्या घाताने मांडली तर नुकसान साठ टक्क्यांनी वाढते. असा एक ॲक्सल जवळजवळ चार प्रमाण ॲक्सलच्या बरोबरीचा, आणि मोटारींच्या हिशेबात सुमारे एक लाख चाळीस हजार मोटारींच्या बरोबरीचा होतो. हे कायदा पाळणाऱ्या ट्रकचे गणित आहे. जादा भरलेल्या रेतीच्या डंपरचा ॲक्सल चौदा टनांवर गेला की तो एकटा साडेआठ प्रमाण ॲक्सलचे काम करतो.

आता हे गणित आपल्या नकाशावर ठेवू. घोडबंदर रस्त्यावरून उरणच्या बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर जातात आणि गायमुखच्या चढाला ते रांगत वर सरकतात. कल्याण-शीळ मार्गावर गोदामांची आणि खदानींची वाहतूक आहे. डोंबिवली एमआयडीसीत टँकर आहेत. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत जिथे टॉवर उठतो तिथे काँक्रीट मिक्सर आणि मातीचे डंपर दिवसरात्र फिरतात, तेही मोटारी-रिक्षांसाठी केलेल्या गल्लीतून. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळते तेव्हा समोरच्या गल्लीचे आयुष्य बांधकामातच खर्च झालेले असते. नवे रहिवासी पहिल्याच पावसाळ्यात पावसाला दोष देतात.

वाहतूक कोंडीचाही यात वाटा आहे. डांबराचा स्वभाव मधासारखा आहे : झटक्याने भार आला तर ते ताठ राहते, सावकाश आला तर सैल पडते. कोंडीत रांगणारा ट्रक त्याच जागी जास्त वेळ भार देतो, थर जास्त वाकतो आणि चाकांच्या चऱ्या पडतात. महामार्गासाठी ठरवलेले मिश्रण गायमुखच्या चढावर किंवा दुर्गाडीच्या रांगेत तसेच वापरणे म्हणून चुकीचे ठरते. आपण रस्त्यांची वर्गवारी मात्र रुंदीने करतो. डंपर कुठून जातो याने ती व्हायला हवी.

३. आयुष्य मिश्रणात कुठे असते?

आपण डांबर म्हणतो ते आता दगडी कोळशाचे राहिलेले नाही. ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे बिटुमेन असते. वजनाने ते मिश्रणात जेमतेम पाच-साडेपाच टक्के. बाकी सगळी खडी, ग्रिट आणि भुकटी. पण थकव्याचा सगळा व्यवहार या पाच टक्क्यांच्या हातात आहे, कारण ओढ खडीत बसत नाही. खडीला धरणाऱ्या पापुद्र्यात बसते.

(अ) चार टक्के आणि आठ टक्के

दबलेल्या मिश्रणात थोडी हवा उरावीच लागते, नाहीतर उन्हात डांबर फुगून वर येते. प्रयोगशाळेत ही पोकळी साधारण चार टक्के धरतात. आयआरसी-३७ मधल्या थकव्याच्या सूत्रात एक गुणक असा आहे की जो फक्त दोन गोष्टी पाहतो : पोकळी किती आणि डांबराने व्यापलेली जागा किती. त्यात चार टक्के पोकळी आणि साडेअकरा टक्के डांबर (आकारमानाने) घातले तर गुणक सुमारे १.८ येतो. तेच मिश्रण, तीच खडी, तेच डांबर. फक्त रोलर नीट फिरला नाही आणि पोकळी आठ टक्के राहिली. डांबराचा वाटा आपोआप अकरा टक्क्यांवर येतो आणि गुणक ०.२९ वर कोसळतो. बाकी सगळे तसेच धरले तरी आयुष्य सहाव्या हिश्श्यावर आले. बारा वर्षांचा रस्ता दोन वर्षांचा झाला, आणि ठेकेदाराने एक किलो डांबरही चोरलेले नाही.

आठ टक्क्यांच्या आसपास आणखी एक गोष्ट घडते. सुट्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला आरपार वाट मिळते. अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आणि आपल्या केंद्रीय मानकांत प्रत्यक्ष रस्त्यावर ९२ टक्के घनता आली तरी काम स्वीकारता येते. म्हणजे आठ टक्के पोकळी नियमात बसते. प्रयोगशाळेत आपण एक रस्ता मंजूर करतो आणि रस्त्यावर दुसराच स्वीकारतो.

दबाई बिघडते ती उष्णता कमी पडल्यामुळे. व्हीजी-३० जातीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश आणि दबाई संपताना किमान ९० अंश सेल्सिअस असावे लागते. हॉटमिक्स प्लँटवरून निघालेला डंपर शीळफाट्याच्या कोंडीत तास-दीड तास अडकला, वरची ताडपत्री अर्धवट असली, की माल काठांनी निवतो. रात्री दोन वाजता शेवटचा डंपर रिकामा होतो तेव्हा मुकादमाला घाई असते आणि ४० मिलिमीटरचा पातळ थर काही मिनिटांत थंड होतो. त्यानंतर रोलर कितीही फिरवा, खडी चुरडते पण बसत नाही. सकाळी वरून सगळा रस्ता सारखाच काळाभोर दिसतो.

(आ) तळाला सातशे ग्रॅम जास्त

थकवा तळातून सुरू होत असेल तर डांबर तळाला जास्त द्यावे, हा विचार अगदी सरळ आहे. जड वाहतुकीच्या रस्त्यावर सगळ्यात खालच्या डांबरी थरात अर्धा टक्का डांबर वाढवायची कल्पना जगभर वापरात आहे आणि आपल्या मार्गदर्शक पुस्तकातही तिला जागा आहे. हाच जादा वाटा वरच्या थरात दिला तर उन्हात चऱ्या पडतील. तळाला मात्र तो चारी बाजूंनी बंदिस्त असतो.

याचा हिशेब करून पाहू. साठ मिलिमीटरच्या थरात चौरस मीटरला सुमारे १४४ किलो माल लागतो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ७२० ग्रॅम. सात मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्याला सगळे मिळून पाच टन, एका टँकरमध्ये सहज मावतील एवढे. पोकळी साडेचारवरून साडेतीन टक्क्यांवर आली आणि डांबर साडेदहावरून साडेअकरावर गेले, तर वरच्याच सूत्रात गुणक दुप्पट होतो.

(इ) कडक म्हणजे चांगले?

डांबर जितके कडक तितका रस्ता टिकाऊ, ही समजूत अभियंत्यांतही आढळते. ती अर्धी खरी आहे. थर जाड असेल तर कडक डांबर, उदाहरणार्थ व्हीजी-४०, भार पसरवते, थर कमी वाकतो, तळाची ओढ घटते. ओढीचा परिणाम मोठा असतो : सूत्रात तिचा घात ३.८९ आहे, म्हणून ओढ दहा टक्के घटली तर आयुष्य दीडपट आणि वीस टक्के घटली तर जवळजवळ अडीचपट होते. पण थर पातळ आणि पाया डळमळीत असेल तर तो पायाबरोबर वाकणारच. कडक असो वा नरम. अशा वेळी कडक मिश्रण पापडासारखे मोडते आणि लवचिक मिश्रण पोळीसारखे दुमडते. आपल्या गल्ल्यांत हीच परिस्थिती आहे.

लवचिकपणा आणि ताठपणा दोन्ही हवे असतील तर रबरासारखे वागणारे बहुवारिक, मुख्यतः एसबीएस, डांबरात मिसळतात. ते भेगेच्या टोकाला दोऱ्यासारखे धरून ठेवते. जुन्या टायरांचा चुरा हा त्याचा स्वस्त भाऊबंद. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजगोपालन वासुदेवन यांनी खडीवर टाकाऊ प्लास्टिकचे आवरण देण्याची पद्धत रुजवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या आवरणामुळे खडी पाण्याला कमी दाद देते, हा मोठा लाभ आहे. पण पिशवीचे प्लास्टिक मिश्रणाला ताठ करते, रबरासारखे ताणले जात नाही. ‘प्लास्टिकचा रस्ता’ या घोषणेवर समाधान न मानता त्याच्या थकव्याची कसोटी स्वतंत्रपणे घ्यायला हवी.

डांबराचा आणखी एक गुण असा की त्याला उसंत मिळाली तर केसाएवढ्या भेगा ते स्वतःच मिटवते. नेदरलँड्समध्ये २०१० साली ए-५८ महामार्गाच्या एका तुकड्यात मिश्रणात पोलादी तंतू घातले, म्हणजे पुढे विद्युतचुंबकीय यंत्राने ते तापवून डांबर वितळवता येईल आणि भेगा बुजतील. आपल्याला तिथवर जायची घाई नाही. आपले डांबर प्लँटमध्येच अतितापून करपत नाही ना, हे पाहिले तरी त्याचा हा मूळ गुण शिल्लक राहील.

(ई) थरांची सोबत आणि दगडाची पकड

वह्यांचा गठ्ठा सहज वाकतो. तीच पाने डिंकाने चिकटवली तर फळी होते. रस्त्याचे तसेच आहे. एकसंध थराच्या जागी निम्म्या जाडीचे दोन सुटे थर असले तर वाकण्याला होणारा विरोध चौथाई उरतो. त्यांना एकत्र बांधायचे काम टॅक कोट करतो, म्हणजे जुन्या पृष्ठभागावर फवारलेले पातळ डांबर. आधी ब्रशने आणि हवेच्या झोताने धूळ काढावी लागते. धुळीवर फवारलेला टॅक कोट धुळीला चिकटतो, रस्त्याला नाही. नव्या कार्पेटचे पापुद्रे हातभर निघतात तिथे बहुधा एवढेच झालेले असते.

दगडाचाही प्रश्न आहे. आपली खडी सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टची. मजबूत, पण क्रशरची भुकटी अंगाला चिकटलेली असली तर डांबर दगडाऐवजी भुकटीलाच बसते. पाण्यात भिजवलेल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के राहावी, अशी अट मानकांत आहे. चुन्याची भुकटी किंवा पकड वाढवणारे रसायन घातले की ती पाळता येते. पावसाविरुद्धची खरी तयारी ही आहे. जूनमध्ये खडी साठवून ठेवणे नव्हे.

४. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : हे सगळे ठीक, पण मूळ रोग भ्रष्टाचार आहे.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता इथे हमखास निघतो. रेकॉन्डो कंपनीने तो १९७६ मध्ये केला, दहा वर्षांची हमी दिली आणि त्यानंतरही तो दशकानुदशके टिकला. लोक त्याचा अर्थ ‘प्रामाणिक ठेकेदार भेटला’ असा लावतात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट हमी वाटते. महापालिकेने तिथे दहा वर्षे विकत घेतली होती, त्यामुळे मिश्रण आणि दबाई सुधारणे ठेकेदाराच्याच फायद्याचे झाले. जाडी विकत घेतली की जाडीत चोरी होते आणि ती पकडायला टेप पुरतो. पोकळीतली चोरी टेपने पकडता येत नाही. शिवाय वरच्या गणितात आयुष्य सहाव्या हिश्श्यावर आले तेव्हा कुणी काही चोरले नव्हते. सर्व अधिकारी संत झाले तरी थंड माल थंडच राहील.

दुसरा आक्षेप : काँक्रीट करा.

कल्याण-शीळसारख्या जड वाहतुकीच्या मार्गावर काँक्रीटचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण काँक्रीटही थकते. आयआरसी-५८ मध्ये त्याचेही सूत्र आहे : येणारा ताण काँक्रीटच्या ताकदीच्या ०.४५ पटीखाली राहिला तरच ते अमर्याद फेऱ्या सोसते, असे मानतात. काँक्रीट टिकते ते ही मर्यादा पाळण्याइतकी जाडी त्याला दिली जाते म्हणून. डांबरालाही अशी मर्यादा आहे. तळाची ओढ मीटरला ०.०८ मिलिमीटरच्या खाली ठेवली तर रस्ता दीर्घायुषी धरावा, असे आयआरसी-३७ सांगते. शिवाय ठाण्यात अलीकडे ज्या यूटीडब्ल्यूटी पद्धतीने अनेक रस्ते झाले, तिच्यात काँक्रीटचा जेमतेम चार इंचांचा थर जुन्या डांबराला चिकटून त्याच्या बळावर उभा असतो. खालचे डांबर थकलेले असेल तर वरचा पांढरा थरही फार काळ साथ देणार नाही. आणि जिथे पाणी, गॅस, केबल यांसाठी दर दोन वर्षांनी चर खणले जातात त्या गल्लीत काँक्रीट फोडणे हा वेगळाच खर्च आहे.

तिसरा आक्षेप : चर खणल्यावर कोणते मिश्रण टिकणार?

आक्षेप रास्त आहे. चर म्हणजे रस्त्याच्या तळाची ओढ अचानक वाढवणारी जागा. पण म्हणूनच चर बुजवण्याचे मिश्रण, त्याची दबाई आणि कडांचा टॅक कोट यांना मूळ रस्त्याइतकेच कडक निकष लागतात. आज तिथे मातीवर खडी आणि खडीवर कार्पेटची पट्टी पडते, आणि पुढच्या पावसात पट्टी नाल्यासारखी खचते.

चौथा आक्षेप : प्रयोगशाळेतले आकडे रस्त्यावर लागू पडत नाहीत.

हेही खरे आहे. ऊन, विश्रांती, चाकांचे इकडेतिकडे होणे यांमुळे प्रयोगशाळेतले फेरे आणि रस्त्यावरचे फेरे सारखे नसतात. सूत्रे त्यासाठीच प्रत्यक्ष रस्त्यांशी ताडून दुरुस्त केलेली असतात. तरीही दोन मिश्रणांत बरे कोणते, हे सांगायला ती पुरेशी आहेत. आज आपण तेवढाही प्रश्न विचारत नाही.

५. मग मागायचे काय?

२०१८ च्या पावसाळ्यात कल्याण परिसरात खड्ड्यांनी पाच बळी घेतले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. न्याय म्हणून हे आवश्यक होते. पण भरपाई अपघातानंतर येते आणि थकवा त्याच्या किती तरी आधी सुरू झालेला असतो. म्हणून मागण्या निविदेच्या टप्प्यावर हव्यात.

एक, प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या निविदेत तो किती दशलक्ष प्रमाण ॲक्सलसाठी आहे, हा आकडा लिहिलेला असावा, आणि तो ॲक्सलचे वजन प्रत्यक्ष मोजून ठरवलेला असावा. महापालिका, सार्वजनिक बांधकाम, एमएसआरडीसी, एमएमआरडीए, एमआयडीसी यांच्या हद्दी डंपरला माहीत नसतात. मोजणी सगळ्यांची एक हवी.

दोन, जड वाहतुकीच्या रस्त्यांवर मिश्रण मंजूर करताना स्थैर्याच्या नेहमीच्या चाचणीबरोबर तुळईची थकवा-चाचणी मागावी. मिश्रणाची छोटी तुळई वारंवार वाकवून ती किती फेऱ्यांत थकते हे त्यात पाहतात.

तीन, बिल काढताना जाडीइतकेच वजन पोकळीला द्यावे. रस्त्यातून काढलेल्या नळकांडी नमुन्यात पोकळी किती निघाली, त्यानुसार रक्कम कमी-जास्त व्हावी, आणि तो आकडा वॉर्डात फलकावर लागावा.

चार, दोष दायित्वाच्या काळात खड्ड्यांबरोबर भेगाही मोजाव्यात, तीही एप्रिलमध्ये. जाळी दिसताच त्या पट्ट्यापुरते खरवडून नवा थर दिला तर उरलेला रस्ता वाचतो. आज आपण जुन्यावर नवे कार्पेट चढवत जातो. जुन्या भेगा दोन वर्षांत वर डोकावतात आणि जुन्या चाळींचे उंबरे रस्त्याखाली जातात.

पाच, टॉवरच्या बांधकाम परवानगीत डंपर-मिक्सरच्या फेऱ्यांनी खर्च होणाऱ्या रस्त्याच्या आयुष्याची किंमत धरावी. चौथ्या घाताने ती मांडणे अवघड नाही.

यातली एकही मागणी नव्या शोधाची वाट पाहत नाही. सूत्र आपल्याच पुस्तकात आहे, चाचण्या ठाऊक आहेत, आणि पवईची आयआयटी व माटुंग्याची व्हीजेटीआय लोकलच्या अंतरावर आहेत. अडते ते एवढ्यावरच की रस्ता झाला म्हणजे काय झाले, याची आपली व्याख्या अजून काळ्या रंगाशी थांबते. पुढच्या वेळी गल्लीत रात्री कार्पेट पडत असेल तेव्हा जाडी मोजायला वाकणाऱ्या नगरसेवकाला आणि अभियंत्याला दोनच प्रश्न विचारावेत : माल रोलरखाली गेला तेव्हा किती अंशांवर होता, आणि दबून झाल्यावर पोकळी किती उरली? दोन्ही आकडे ज्याच्या वहीत लिहिलेले सापडतील, त्या रस्त्यावर जुलैत शेअर रिक्षातला खटला उभा राहण्याची शक्यता बरीच कमी असेल.